बागेचं नूतनीकरण होतंय. मंगळवारच्या बैठकीत नेमकं काय मागायचं?

गुलबक्षी

नमस्कार मंडळी. आमच्या घरामागच्या बागेचं नूतनीकरण व्हायचंय. परवा फाटकावर फ्लेक्स लागला. येत्या मंगळवारी संध्याकाळी नागरिकांची बैठक आहे आणि आमच्या सकाळच्या गटातर्फे मी बोलावं असं सगळ्यांनी ठरवलंय. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणाशी भांडण काढायचं नाहीये, बाग चांगली झाली पाहिजे.

बाग सव्वा एकराची. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे ३१ वर्षं मी इथे येते. मुलगा इथल्या वाळूत लोळून मोठा झाला. आता रोज संध्याकाळी सासूबाईंना घेऊन येते. त्या ८४ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात, पण बागेला खाडा नाही.

फ्लेक्सवरच्या चित्रात दगडी कमान आहे, मधोमध संगीत कारंजं आहे, सेल्फी पॉइंट आहे, ओपन जिम आहे, सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि कडेकडेनं स्टीलची बाकं. मी ते चित्र तीनदा बघितलं. बकुळीखालचा पार त्यात नाही. वाळूचा हौद नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ नाही. स्वच्छतागृह तर कुठेच दिसलं नाही.

म्हणून गेले तीन दिवस मी वही घेऊन पारावर बसले आणि कोण कुठे बसतं, कशासाठी थांबतं, कधी उठतं ते लिहून काढलं. त्यातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली, नळ. दाबायचा नळ आहे, त्याची स्प्रिंग गेलीय. कुणीतरी त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलीय. ती एकानं ओढून धरायची, तेव्हा दुसऱ्याला पाणी मिळतं. मुलं एकमेकांसाठी धरतात, मग पाळी बदलते. एकटं माणूस आलं तर त्याला ओंजळ भरता येत नाही. एका तासात मी ३८ माणसं त्या नळाशी मोजली. बागेतल्या दुसऱ्या कुठल्याही जागी एवढी ये-जा नव्हती.

दुसरी गोष्ट लिहायला जरा अवघड वाटतं. स्वच्छतागृह आहे, पण बायकांच्या बाजूला कायम कुलूप. सासूबाई दुपारी ४ नंतर पाणी पीत नाहीत. मला वाटायचं तहान कमी झाली असेल वयामुळे. त्या दिवशी वहीत लिहिताना सहज विचारलं, तर म्हणाल्या, "बागेत यायचं असतं ना गं." भर एप्रिलातसुद्धा असंच. मी त्यांच्याशेजारी बसते रोज आणि मला हे माहीत नव्हतं. पारावरच्या बाकीच्या बायकांना विचारलं, १४ पैकी ९ जणी तेच करतात.

तर मला मदत हवीय. बैठकीत काय मागावं, कुठल्या शब्दांत मागावं, कुठले कागद बघायला मागावेत? मला बांधकामातलं काही कळत नाही.

ओव्हरसियर

ताई, मी एका नगरपालिकेत बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढली, सहा बागांची कामं केली. तुमची वही फ्लेक्सपेक्षा मोलाची आहे, ती जपून ठेवा आणि बैठकीला न्या.

चित्रावर वाद घालू नका. काम चित्रात नसतं, इस्टिमेटमध्ये असतं. मंजूर इस्टिमेट आणि लेआउटचा नकाशा बघायला मागा. त्यात आयटमवार लिहिलेलं असतं, किती चौरस मीटर ब्लॉक, किती मीटर पाइप, किती बाकं. स्वच्छतागृहाचा आयटमच नसेल तर "बघू, करू" म्हणणाऱ्या साहेबाच्याही हातात काही नसतं, कारण तरतूद नाही. टेंडर निघायच्या आधी आयटम वाढवणं सोपं. वर्क ऑर्डर झाल्यावर फार जड जातं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, टेंडर निघालंय का?

माहितीच्या अधिकारात (२००५ चा कायदा) १० रुपयांच्या अर्जावर हे सगळं मिळतं. प्रत्यक्ष फाइल बघता येते, काम चालू असताना साहित्याचा नमुनासुद्धा मागता येतो. पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत. तेव्हा बैठकीतच मागा आणि मागितल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला सांगा. अर्ज नंतर करालच.

आता कामाचं. बागेत आधी पोटातलं काम, मग वरचं. पाण्याची लाइन, ड्रेनेज, दिव्यांची केबल, झाडांच्या पाण्याचे पाइप, हे सगळं जमिनीत गेल्यावरच ट्रॅकला हात लावायचा. मी स्वतः बघितलंय, ट्रॅक झाला, उद्घाटन झालं आणि तिसऱ्या महिन्यात केबलसाठी तोच ट्रॅक उकरला. ब्लॉक परत बसवले, दिसायला झकास दिसले. पहिल्या पावसात ती पट्टी बरोबर दोन बोटं खचली. का, तर चर भरताना थराथरानं पाणी मारून धुम्मस केलेली नव्हती, माती नुसती लोटली होती. तुमच्या सासूबाईंच्या वॉकरला दोन बोटं म्हणजे पडायला कारण.

ब्लॉकच्या रंगाकडे लक्ष देऊ नका, दोन्ही कडांना कर्ब, म्हणजे काठाचे उभे दगड, आहेत का ते बघा. खाली मुरूम-खडीचा दाबलेला थर, त्यावर इंच-दीड इंच कच (दगडाची बारीक चुरी), मग ब्लॉक, आणि कडेला कर्बनं आवळलेलं. कर्ब नसला की ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात. चालायच्या वाटेला ६० मिमी जाडीचा ब्लॉक पुरतो. पाण्याचा टँकर आत येणार असेल तर तेवढ्या पट्ट्यात ८० मिमीचा घ्या.

आणि कुलपाबद्दल एक सांगतो. मंगळवारच्या आधी माळ्याला विचारा की कुलूप का आहे. माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी ते ड्रेनेजमुळे लागतं. स्वच्छतागृह लांबच्या कोपऱ्यात ढकललेलं असतं, पाइपला उतार मिळत नाही, तुंबतं, आणि मग कुलूप हाच उपाय उरतो. कारण न शोधता त्याच जागी नवीन टाइल्सचं बांधलंत तर वर्षात परत कुलूप.

निळी_सायकल

ताई, तुमचं पाण्याचं वाचून पोटात तुटलं. माझा मुलगा ९ वर्षांचा, व्हीलचेअरवर असतो. आम्हीही बाहेर पडायच्या आधी त्याला पाणी देत नाही.

फाटकाबद्दल लिहिते. स्कूटर आत जाऊ नये म्हणून वाकडेतिकडे पाइप रोवतात ना, त्यात व्हीलचेअर अडकते. आमच्या जवळच्या बागेत नूतनीकरण झालं तेव्हा रॅम्प बांधला, मला इतका आनंद झाला. गेलो, रॅम्पवरून वर पोचलो, आणि समोर ते पाइप. मुलगा म्हणाला, "आई, इथूनच बघू." आम्ही पाइपांच्या बाहेरून झोपाळे बघून परत आलो.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत हे त्यात आहेच. पण बैठकीत आकडे सांगा, आकड्यांवर काम होतं. अडथळ्याच्या दोन खांबांमध्ये निदान ९० सेंमी मोकळी जागा. रॅम्पचा उतार १ ला १२, म्हणजे चढ दीड फुटाचा असेल तर रॅम्प १८ फूट लांब. जागा नाही म्हणून तो ८-१० फुटांत बसवतात, आणि मग त्यावरून खुर्ची ढकलताना आपलीच छाती भरून येते. दोन्ही बाजूंना कठडा हवा. रॅम्प संपतो तिथे उंबरा नको.

वाळूचा हौद घालवू देऊ नका. पण त्याची एक बाजू टेबलासारखी उंच करून घ्या, खाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवून, वर वाळूचा ट्रे. माझ्या मुलानं अजून एकदाही दुसऱ्या मुलांबरोबर वाळूत हात घातलेला नाही.

पानगळ

बकुळीवर लिहितो, मी झाडांचं काम करतो.

आधी एक विचारतो. पाराभोवतीची शहाबादी फरशी उचलली गेलीय का? गेली असणार. नूतनीकरणात पहिलं काय करतात, तर फरशी सपाट करायला मूळ छाटतात. ते होऊ देऊ नका. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि जाड मुळं झाडाला वाऱ्यात धरून ठेवतात. एका बाजूचं जाड मूळ तोडलं की झाड लगेच मरत नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी एखाद्या वादळात त्याच बाजूनं उलथतं. तेव्हा लोक वाऱ्याला दोष देतात. उपाय साधा आहे. तेवढी फरशी काढून टाका, वाट हातभर बाजूनं न्या.

दुसरं, पार नवा करताना आत भराव टाकून माती खोडावर चढवतात. साल कायम ओली राहिली की कुजते. जमिनीची आजची पातळी आहे तीच ठेवायची. तिसरं, खोडाला चिकटून काँक्रीट नको. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता, तो बैठकीत सांगा, अधिकाऱ्यांना माहीत असतो.

झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. परवानगी लागते, आधी नोटीस लागते, हरकती घेता येतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. बकुळ सावकाश वाढते. खोड दोन हातांच्या कवेत मावत नसेल तर वय नक्की विचारा, वृक्षगणनेत तिची नोंद असेल.

काम चालू झालं की मात्र रोज एक चक्कर मारा. खडीचा ढीग बुंध्याशी नको, आणि संध्याकाळी घमेली-फावडी धुतलेलं सिमेंटचं पाणी झाडाच्या आळ्यात ओततात, तेवढं थांबवा. कागदावर दिसत नाही, पण झाडं यानं फार मरतात.

दोन_मुलींचा_बाबा

सगळं पटतंय, पण कारंज्याला एवढा नकार नको असं वाटतं. आमच्या मुली रविवारी कारंजं बघायला हट्ट करतात. मुलांना पाणी, दिवे, गाणी हवीच असतात. बाग फक्त ज्येष्ठांची नाही.

ओव्हरसियर

बरोबर आहे तुमचं, मुलांना पाणी आवडतंच. फक्त विचारायचं ते आधी विचारून घ्या. कारंजं म्हणजे पंप, फिल्टर, वीजबिल आणि रोज चालू-बंद करायला एक माणूस. बांधकामाचा खर्च एकदाच येतो, हा दर महिन्याला येतो. देखभालीची तरतूद वेगळी मंजूर असेल तर खुशाल घ्या. नसेल तर पंप बिघडल्यावर हौदात पाणी साचतं आणि डास होतात, हे मी दोन बागांत बघितलंय. त्यापेक्षा मुलांना भिजता येईल असा साधा उथळ पाट, नळाचं वाहून जाणारं पाणी त्यातून झाडांना. खर्च कमी, आणि मुलं कारंज्याकडे लांबून बघतात, पाटात उतरतात.

कट्टेकरी

मी दादरची. स्टीलच्या बाकांबद्दल दोन शब्द. शिवाजी पार्क १९२५ चं, शंभरी झाली. तिथे सगळ्यात जास्त वापर कशाचा होत असेल तर कट्ट्याचा. मैदानाला वळसा घालणारी ती बुटकी भिंत एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्यावर तोंड आत करून बसा, बाहेर करून बसा, दोघं बसा, पंधरा जण बसा, नातवाला शेजारी उभं करा. तीन माणसांच्या बाकावर चौथी बाई आली की तिला उभं राहावं लागतं, आणि मग दोन दिवसांनी ती येईनाशी होते. तुमच्या १४ जणी सुट्या बाकांवर एकमेकींशी बोलणार कशा? पार मागा, काकू. उंची आहे तीच ठेवा.

कात्रजकर

पुण्याचा अनुभव सांगतो, आशा वाटावी म्हणून. पेशवे पार्कातले प्राणी १९९९ मध्ये कात्रजला हलवले, पार्कचं रूपच बदललं. पण १९५६ पासूनची फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, ठेवली. आजोबांनी मला बसवलं होतं, मी माझ्या पोरीला बसवलं. म्हणजे सगळं नवं करतानाही एखादी गोष्ट राखता येते, ती कुठली हे लोकांनी वेळेत सांगावं लागतं.

शिवाय पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोटी कामं मागवतात. बाकं, दिवे, वाटा अशी कामं त्यात सुचवता येतात. तुमच्याकडे तशी सोय आहे का चौकशी करा. या टेंडरमध्ये नळ बसला नाही तर पुढच्या वर्षी तिथून मागता येईल.

गुलबक्षी

सगळ्यांचे मनापासून आभार. ओव्हरसियरकाका, तुमच्या सांगण्यावरून आज सकाळी माळीकाकांपाशी बसले. आजवर मी त्यांना कुलपावरून दोनदा बोलले होते. आज पहिल्यांदा कारण विचारलं.

ते मला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले आणि पहारीनं चेंबरचं झाकण उचलून दाखवलं. बाहेरचा रस्ता इतक्या वर्षांत थरावर थर टाकून वर आलाय, रस्त्यावरचं चेंबरही त्याबरोबर उचललं, आणि आमचं स्वच्छतागृह खाली राहिलं. पाऊस मोठा झाला की बाहेरचं पाणी उलटं आत येतं. बायकांची बाजू खालच्या अंगाला, म्हणून ती आधी भरते. माळीकाका म्हणाले, "ताई, मी दोन वर्षं बादलीनं उपसलं, मग कुलूप घातलं." मी त्यांची माफी मागितली.

पाराची उंची मोजली, १७ इंच. सासूबाईंचे पाय जमिनीला पूर्ण टेकतात आणि हाताच्या रेट्यानं त्यांना उठता येतं. बाजारातल्या स्टीलच्या बाकावर बसवून पाहिलं, ते मागे कललेलं असतं, त्यातून त्यांना एकटीनं उठता आलं नाही. बकुळीचं खोड माझ्या कवेत मावत नाही. फरशी उचललेली आहे, पानगळ यांनी न बघता सांगितलं तशीच.

काका, स्वच्छतागृहाचं मग काय मागू?

ओव्हरसियर

जागा बदला. तिथेच बांधायचं तर जोतं रस्त्याच्या चेंबरच्या वर घ्यावं लागेल, मग पायऱ्या आल्या, रॅम्प लांबला. बागेत उंच बाजू कुठली आहे ते पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं त्यावरून माळ्याला ठाऊक असणार. त्या बाजूला, वाटेला लागून, फाटकावरून दिसेल असं मागा. झाडीमागे लपवलेलं स्वच्छतागृह बायका संध्याकाळी वापरत नाहीत. बैठकीत एकच वाक्य म्हणा, "बाहेरच्या चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल घेऊन मग जागा ठरवा." इन्व्हर्ट लेव्हल म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी. पुढे साहेब बरोबर समजतील.

आणि माळ्याला बैठकीला घेऊन जा. त्याला कुणी बोलावलेलं नसणार.

गुलबक्षी

बैठक झाली, घरी येऊन लगेच लिहितेय.

टेंडर निघालेलं नाही! हे ऐकल्यावर अर्धा जीव भांड्यात पडला. मी वही वाचून दाखवली. नळाचं सांगितलं तेव्हा सगळे ऐकत होते. पाण्याचं सांगताना माझा आवाज जरा कापला, पण सांगितलं. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी मान हलवली. इन्व्हर्ट लेव्हलचं वाक्य म्हटल्यावर तरुण इंजिनियर बाईंनी वर बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी माळीकाकांकडे बोट केलं. मग पंधरा मिनिटं त्या दोघांचंच बोलणं चाललं. स्वच्छतागृह पूर्वेच्या बाजूला, फाटकाजवळ घ्यायचं आणि लेव्हल आधी घ्यायची असं इतिवृत्तात लिहिलंय. मी वाचून बघितलं.

पार राहणार, बकुळीची फरशी काढणार, दोन नळ बसणार, त्यातला एक लहान मुलांच्या उंचीचा. वाळूच्या हौदाचं नक्की झालं नाही. मांजरं घाण करतात म्हणून तो नको असं काही पालकांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. रात्री जाळीचं झाकण घालायचं मी सुचवलंय, ते झाकण रोज कोण ओढणार यावर गाडी अडली. वाळूच्या टेबलाचं मात्र ऐकून घेतलं, नकाशा मागवलाय. कमान जाणार नाही, तिचे पैसे वेगळ्या निधीतून आलेत म्हणे. कारंजं सध्या बाजूला ठेवलंय.

गुरुवारी सकाळी ८ ला इंजिनियर बाई फाटकापाशी मोजमाप घ्यायला येणार आहेत, मलाही बोलावलंय. निळी_सायकल, तुमच्या मुलाच्या खुर्चीची चाकांसकट रुंदी किती? तेवढा पुठ्ठा कापून नेते, म्हणजे खांबांमध्ये धरून दाखवता येईल.

निळी_सायकल

खुर्ची ६१ सेंमी आहे. पण पुठ्ठा ९० चा कापा ताई. तो आता स्वतःच्या हातानं चाकं फिरवायला शिकलाय, आणि फिरवताना कोपरं बाहेर येतात.